एका मेगावॅटला किती एकर?

मागे एका शिक्षक-शिबिरात ऊर्जेवरचे सत्र आमच्याकडे होते. सूर्याची ऊर्जा मुबलक आहे, अक्षय आहे, फुकट आहे, अशी पाठ्यपुस्तकात येणारी वाक्ये आम्हीही बोलून गेलो. मागच्या बाकावरच्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, ऊन फुकट आहे हे मुलांना पटतं. पण आमच्या गावाशेजारी सौर प्रकल्प येतोय आणि सगळं भांडण जमिनीवरून चाललंय. मग मुलं विचारतात, एवढी जमीन लागते कशाला? त्यांना काय सांगू?"

त्या वेळी दिलेले उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

मोठ्या सौर वीजकेंद्रांचा इतिहास सांगताना लोक साधारणपणे कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतात. आपल्याला मात्र कुलाब्यापासून सुरुवात करता येते. १८७८ साली मुंबई उच्च न्यायालयातले एक उपनिबंधक विल्यम अॅडम्स यांनी आपल्या आवारात एक प्रयोग मांडला होता. फ्रान्समध्ये त्याआधी ओग्युस्तँ मूशो यांनी चकचकीत धातूच्या मोठ्या वाटीसारख्या परावर्तकाने पाणी उकळून दाखवले होते. पण असा वक्र परावर्तक महाग पडे आणि लवकर काळवंडे. अॅडम्स यांनी साधे, सपाट, छोटे आरसे घेतले, ते अर्धवर्तुळाकार मांडणीवर बसवले आणि प्रत्येकाचा कवडसा मधल्या एकाच बाष्पकावर पाडला. सूर्य सरकेल तशी मांडणी हाताने सरकवायची. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालले. 'उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता' या विषयावर त्यांनी त्याच साली पुस्तकही लिहिले. मुंबईतल्या गिरण्या त्या काळी विलायतेहून आलेल्या कोळशावर चालत, हे लक्षात घेतले की ही कल्पना तेव्हा किती व्यवहाराची होती ते कळते.

अनेक सपाट आरसे आणि मध्ये एक बाष्पक, ही रचना शंभर वर्षांनी पुन्हा वर आली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॅगेट येथे 'सोलर वन' हे १० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. त्यात मनोऱ्याभोवती १,८१८ मोठे आरसे होते आणि ते सूर्याबरोबर आपोआप वळत. त्याच वाळवंटात २०१४ साली आयव्हनपा हे ३९२ मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. तीन मनोरे, आणि पावणेदोन लाखांच्या आसपास वळणाऱ्या आरसेजोड्या. कुलाब्यातली कल्पना, फक्त आकार वाढलेला.

आरशांची दुसरी एक जात आहे. यात आरसा लांबच लांब पन्हळीसारखा असतो, त्याचा आडवा छेद अन्वस्त असतो आणि नाभीच्या रेषेवर एक नळी जाते. फिलाडेल्फियाचे फ्रँक शुमन यांनी १९१३ मध्ये इजिप्तमध्ये कैरोजवळ मादी येथे अशा पाच पन्हळी मांडून वाफ तयार केली आणि नाईलचे पाणी शेतात उपसून दाखवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. त्यानंतर खनिज तेल स्वस्त होत गेले आणि मादीचा प्रयोग विसरला गेला. १९८४ ते १९९० या काळात कॅलिफोर्नियात याच तत्त्वावर एकूण ३५४ मेगावॅटची नऊ केंद्रे बांधली गेली. ती बांधणारी कंपनी १९९१ मध्ये दिवाळखोर झाली, पण केंद्रे मात्र पुढे अनेक वर्षे वीज देत राहिली.

म्हणजे १९९० पर्यंत जगातली मोठी सौर वीजकेंद्रे आरशांची होती. आज ज्या केंद्रांची छायाचित्रे आपण पाहतो, त्यांत निळसर-काळे फलक दिसतात, आरसे क्वचितच. हा बदल कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

आरशाच्या केंद्रात ऊन आधी उष्णतेत बदलते, उष्णतेने वाफ होते, वाफेने जनित्र फिरते. शेवटचे दोन टप्पे कोळशाच्या केंद्रासारखेच. सौरघटात यातले काहीच नसते. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकावर प्रकाश पडला की प्रकाशकण इलेक्ट्रॉनला बंधातून मोकळा करतो. घटातल्या दोन थरांच्या सीमेवर जे विद्युतक्षेत्र असते, ते त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलते आणि बाहेरच्या मंडलात प्रवाह सुरू होतो. हलणारा भाग एकही नाही, वाफ नाही, पाणी नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ मध्ये असा पहिला कामाचा सिलिकॉन घट दाखवला, तेव्हा पडणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे ६ टक्के ऊर्जेचीच वीज होत होती. आज बाजारात मिळणाऱ्या फलकांत हे प्रमाण २० ते २३ टक्के आहे.

आरशांची आणखी एक अडचण आपल्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आरशाला थेट येणारे किरणच हवेत. हवेतल्या धुळीने किंवा विरळ ढगाने विखुरलेला प्रकाश नाभीवर आणता येत नाही. सौरघटाला असा विखुरलेला प्रकाशही चालतो. आपल्याकडे राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात आरशांच्या केंद्रांना ४७० मेगावॅटची कामे दिली होती, त्यांतली सुमारे निम्मीच उभी राहिली. धुळीने भरलेल्या आपल्या हवेत थेट किरण कागदावरच्या अंदाजापेक्षा कमी मिळतात, हे यामागचे एक कारण होते.

आरशांच्या बाजूने सांगण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे उष्णता साठवता येते. वितळलेल्या क्षारांच्या टाक्यांत ती ठेवली तर सूर्यास्तानंतरही जनित्र चालू राहते. स्पेनमधल्या खेमासोलार केंद्रात (२०११) पंधरा तास पुरेल एवढी उष्णता साठवण्याची सोय आहे. पण नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्स केंद्रात २०१६ साली अशाच क्षारांची टाकी गळली आणि पुढे ते चालवणारी कंपनी बुडाली. आयव्हनपाची वीज घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीनेही २०२५ च्या सुरुवातीला करार संपवायचे ठरवल्याचे जाहीर केले. कारण सरळ होते, फलकांची वीज फारच स्वस्त झाली होती.

ती इतकी स्वस्त का झाली? एका माळरानाची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात कॅरिझो नावाचे एक रुंद, कोरडे मैदान आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिथे ५.२ मेगावॅटचे फलकांचे केंद्र उभारले गेले. त्या काळचे ते जगातले सर्वांत मोठे होते. फलक महाग, म्हणून प्रत्येक फलकावर जास्त ऊन पाडावे या हेतूने त्यांच्या कडेला आरसे लावले. वीज काही काळ वाढली. पण वाढलेल्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी घटांवरचे पारदर्शक प्लास्टिक पिवळे, मग तपकिरी पडत गेले आणि उत्पादन घसरले. १९९० च्या दशकात केंद्र मोडीत निघाले आणि फलक जुन्या मालाच्या भावाने विकले गेले. त्याच मैदानावर २०१४ मध्ये 'टोपाझ' हे ५५० मेगावॅटचे केंद्र पूर्ण झाले. तीस वर्षांत शंभरपट! मधल्या काळात सूर्य बदललेला नाही, मैदानही तेच.

बदलली ती फलकांची किंमत. कारखानदारीत एक अनुभवसिद्ध नियम दिसतो. एखाद्या वस्तूचे आजवरचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की तिची किंमत ठरावीक टक्क्यांनी उतरते. सौर फलकांच्या बाबतीत हा आकडा दर दुपटीला सुमारे २० टक्के आला आहे. म्हणजे पहिल्या दुपटीला १०० चे ८०, दुसरीला ६४, तिसरीला ५१. दहावी-बारावीच्या मुलांना हे गणित पुढे करायला सांगावे. दहा दुपटींनंतर किंमत जवळजवळ एक दशांश होते. आता प्रत्यक्षात पाहा. २००० सालाच्या सुमारास जगात एकूण सव्वा हजार मेगावॅटच्या आसपास फलक होते. २०२२ मध्ये त्यांनी दहा लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. ही सुमारे दहा दुपटींची वाढ झाली. किंमत प्रत्यक्षात दशांशाहूनही खाली गेली. पुढची दुपट अवघ्या दोन वर्षांत झाली, २०२४ मध्ये आकडा वीस लाख मेगावॅटवर पोहोचला.

हा निसर्गनियम नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. दुपटी आपोआप होत नाहीत, कोणीतरी महाग वस्तू विकत घ्यावी लागते. पहिली महाग खरेदी उपग्रहांसाठी झाली. व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह १९५८ मध्ये सौरघट घेऊन वर गेला. पुढची मोठी खरेदी जर्मनीने केली. तिथे २००० साली कायदा झाला की सौर वीज वाहिनीत सोडणाऱ्याला वीस वर्षे ठरलेला चढा दर मिळेल आणि त्याचा भार सर्व वीजग्राहक वाटून घेतील. जर्मनीत ऊन आपल्यापेक्षा बरेच कमी. तरी ढगाळ देशातल्या ग्राहकांनी जादा पैसे मोजले आणि त्या मागणीवर चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले. आज फलक बनवण्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. तो इतका एका हाती असणे आम्हाला धोक्याचे वाटते, पण आजच्या स्वस्ताईचे कारणही तेच आहे.

आपल्याकडे हे लिलावांत दिसले. २०१० च्या अखेरीस राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात दर युनिटला सरासरी १२ रुपये १६ पैसे भाव आला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. पुढे तो पुन्हा थोडा चढला, पण कोळशाच्या नव्या केंद्राच्या विजेपेक्षा दुपारची सौर वीज स्वस्त, हे तेव्हापासून पक्के झाले.

स्वस्ताई आली तशी केंद्रे फुगत गेली. २००८ मध्ये स्पेनमधल्या ओल्मेडिया येथील ६० मेगावॅटचे केंद्र मोठे मानले जात होते. २०१६ मध्ये तमिळनाडूत कमुदी येथे ६४८ मेगावॅटचे केंद्र झाले. मग कर्नाटकात पावगडा २,०५० मेगावॅट, भडला २,२४५ मेगावॅट. शुमन यांच्या इजिप्तमध्ये अस्वानजवळ बेनबान येथे २०१९ मध्ये सुमारे दीड हजार मेगावॅटचा समूह पूर्ण झाला. चीनच्या छिंगहाय पठारावरचे आणि अबू धाबीतले प्रकल्प याच पंक्तीतले. भारताची एकूण सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली.

येथे एक सावधगिरी. मेगावॅट वाचून फसू नये. भडल्याचे २,२४५ मेगावॅट आणि आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे २,९२० मेगावॅट शेजारी लिहिले तर दोन्ही जवळजवळ सारखी वाटतात. पण सौर केंद्र रात्री बंद, सकाळ-संध्याकाळ अर्धवट. वर्षाचे ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चालल्यास जेवढी वीज झाली असती, तिच्या पाचव्या भागापासून पाव हिश्शापर्यंत वीज चांगल्या जागीही मिळते. भडल्यासाठी हे गणित वर्षाला चारशे ते पाचशे कोटी युनिटांचे येते. चंद्रपूरचे केंद्र साठ टक्के भाराने चालले असे धरले तर दीड हजार कोटी युनिटांच्या वर. वर्तमानपत्रांतले मथळे हा फरक क्वचितच सांगतात.

आता बाईंचा प्रश्न. भडला सुमारे १४,००० एकरांवर पसरले आहे. भागाकार केला तर एका मेगावॅटला सव्वासहा एकर. पावगडा १३,००० एकर, तिथेही उत्तर जवळजवळ तेवढेच. हे सहा एकर जातात कुठे?

दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. भडला बांधले गेले त्या काळातले साधारण फलक तिच्या १६ टक्क्यांची वीज करत असे धरू, म्हणजे १६० वॅट. एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट, भागिले १६०, उत्तर ६,२५० चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा फलकांचे क्षेत्रफळ झाले फक्त दीड एकर.

पण फलकावर लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. येथे मुलांचा एक घट्ट गैरसमज दूर करता येईल. जितके गरम तितकी सौर वीज जास्त, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. घटाला प्रकाश हवा, उष्णता नको. तापमान वाढले की सिलिकॉन घटाचा विद्युतदाब उतरतो आणि दर अंशामागे शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. राजस्थानच्या मे महिन्यात फलक ६५ अंशांवर गेला तर ४० अंशांची वाढ, म्हणजे १६ टक्के तूट. त्यात धूळ, तारांतली गळती, सकाळचे तिरपे ऊन. म्हणून एका मेगावॅटच्या इन्व्हर्टरला (एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती करणारे यंत्र) १.३ किंवा १.४ मेगावॅटचे फलक जोडतात. वाहिनीत जाते ते एक मेगावॅट, कंत्राटात लिहिले जाते तेही एकच. दीड एकराचे झाले दोन एकर आणि थोडे वर.

आता सावली. फलक दक्षिणेकडे तिरपे असतात आणि रांगांनी उभे असतात. पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडून चालत नाही. एका फलकातले घट माळेसारखे जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली की त्या घटातून प्रवाह नीट जात नाही आणि त्याच्या बरोबरच्या इतर घटांचाही प्रवाह अडतो. नळीला एका जागी चिमटा बसल्यासारखे होते. म्हणून सर्वांत लांब सावलीचा दिवस, २२ डिसेंबर, धरून दोन रांगांतले अंतर ठरवतात. समजा, रांगेची तिरपी उंची ४ मीटर आणि कल २५ अंश. तिची मागची कड १.७ मीटर उंच उठते आणि ती जमिनीची ३.६ मीटर रुंदी व्यापते. भडल्याच्या अक्षांशावर त्या दिवशी सूर्यवेळेने सकाळी नऊ वाजता सूर्य क्षितिजावर जेमतेम २३ अंश असतो. सावली उत्तरेकडे २.८ मीटर पोहोचते. म्हणजे ४ मीटर फलकासाठी ६.४ मीटर जमीन. दोनाचे झाले साडेतीन एकर. उरलेले रस्ते, उपकेंद्र, इन्व्हर्टरच्या खोल्या, पाण्याचे ओहोळ, वेगवेगळ्या कंपन्यांच्या हद्दी, वाळूचे उंचवटे यांत जातात.

याचा एक छोटा प्रयोग शाळेत होतो. २२ डिसेंबरला एक मीटर लांबीची काठी मैदानात उभी करायची आणि सूर्य माथ्याच्या रेषेत आला की सावली मोजायची. पुण्याच्या अक्षांशावर ती सुमारे ९० सेंटिमीटर येईल. भडल्याला १२३, पावगड्याला फक्त ७७ येते. दक्षिणेत रांगा जवळ बसवता येतात, हे मुलांना न सांगता कळेल. आजचे फलक अधिक कार्यक्षम आहेत, त्यामुळे नव्या केंद्रांना मेगावॅटमागे चार-पाच एकर पुरतात.

एक लाख मेगावॅट गुणिले पाच एकर म्हणजे पाच लाख एकर, साधारण दोन हजार चौरस किलोमीटर. देशाच्या क्षेत्रफळाच्या ०.१ टक्क्याहूनही कमी. हा हिशेब सभांतून नेहमी सांगितला जातो आणि तो बरोबरही आहे. पण देशाच्या टक्केवारीत कोणी राहत नाही. लोक राहतात ते एखाद्या गावात, आणि ज्या गावात केंद्र येते तिथे ही टक्केवारी कधी कधी शिवाराचा मोठा भाग असते.

पावगडा तालुका वर्षानुवर्षे दुष्काळी. तिथे सरकारने जमीन विकत घेतली नाही. पाच गावांतल्या शेतकऱ्यांकडून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडे राहिली. कोरडवाहू भुईमुगावर जगणाऱ्याला हा सौदा वाईट नव्हता. पण जो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात होता किंवा पडीक रानात शेळ्या चारत होता, त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून भाडेही नाही. केंद्र बांधताना मजुरी मिळाली. बांधून झाल्यावर फलक पुसणे आणि गवत काढणे एवढेच काम उरले.

राजस्थानात वेगळी गुंतागुंत आहे. महसूल दप्तरात 'पडीक' लिहिलेल्या कित्येक जमिनी गावांची चराऊ कुरणे आहेत, काही देवराया आहेत, त्यांना तिकडे 'ओरण' म्हणतात. तिथला खेजडी वृक्ष म्हणजे आपली शमी. ती तोडण्याविरुद्ध बिष्णोई समाजाने अलीकडच्या वर्षांत आंदोलने केली आहेत. आणि माळढोक पक्षी. आपल्याकडे नान्नजच्या अभयारण्यातून तो जवळजवळ गेलाच. देशात दीडशेहूनही कमी उरलेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला, ज्या पट्ट्यात सौर व पवन केंद्रे आली तिथेच. हा पक्षी जड, त्याचे डोळे बाजूंना, समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि तोवर वळायला वेळ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या विजेच्या तारा जमिनीखाली न्याव्यात असा आदेश दिला. २०२४ मध्ये तो सैल करून, कुठे शक्य आहे ते ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. उच्च दाबाची वाहिनी जमिनीखालून लांब नेणे खर्चाचे आणि तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, हे खरेच आहे. पण वाळवंट रिकामे आहे, या समजुतीवर सगळी आखणी झाली, ही चूक मुळातली आहे असे आम्हाला वाटते.

वाहिन्यांचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. फलक वर्षभरात उभे राहतात, पारेषण वाहिनीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. २०२५ मध्ये राजस्थानात दुपारी तयार होणारी वीज वाहून न्यायला जागा नाही म्हणून केंद्रांना उत्पादन कमी करायला सांगावे लागले. आणि दुपारी जास्त झालेली वीज संध्याकाळी सातला, सगळ्या घरांत दिवे लागतात तेव्हा, नसते. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनी सौर वीज वजा करून उरलेल्या मागणीचा दिवसभराचा आलेख काढला, तर त्याला बदकाचा आकार आला. दुपारी पोट खाली, संध्याकाळी मान ताठ वर. ही मान चढण्यासाठी इतर केंद्रांना दोन-तीन तासांत मोठी धाव घ्यावी लागते. म्हणून हल्ली बॅटऱ्या जोडलेल्या केंद्रांची मागणी वाढते आहे. जुना उपायही आहे. आपल्या घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन जलविद्युत केंद्र आहे. खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी सोडायचे. अशी केंद्रे आखली गेली तेव्हा पाणी चढवायची वेळ मध्यरात्र असे, कारण वीज तेव्हा शिल्लक राहायची. आता शिलकीची वेळ दुपारकडे सरकते आहे.

मग केंद्रे मोठी करावीत की लहान? मोठ्या केंद्राची वीज स्वस्त पडते, शंकाच नाही. परंतु तिच्या दरात लांबच्या वाहिन्यांचा खर्च आणि त्यांतली गळती धरलेली नसते. महाराष्ट्राने दोन्ही वाटा पाहिल्या आहेत. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॅटचे केंद्र २०१३ मध्ये उभे राहिले. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिचा विचार उलटा आहे. गावाच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचेच केंद्र उभारायचे आणि त्याची वीज त्याच उपकेंद्रातून शेतीपंपांना दिवसा द्यायची. जमिनीला भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,०००. शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळते, ही आपल्याकडची जुनी व्यथा आहे. रात्री दोन वाजता बारे द्यायला जाताना साप-विंचवाचे आणि हल्ली बिबट्याचे भय ज्याने अनुभवले आहे, त्याला पाणी देण्याची वेळ आणि उन्हाची वेळ जुळण्याचे मोल सांगावे लागत नाही. पंपाला बॅटरीही लागत नाही, विहिरीतले पाणी दुपारी उपसले तरी ते उपसलेलेच असते. आमचा कौल मुख्यतः या बाजूला आहे. शहरे आणि कारखाने यांच्यासाठी मोठी केंद्रे लागतीलच. मात्र या योजनेतही जमीन सुटत नाही. गायरानावर केंद्र आले म्हणून काही गावांनी विरोध केला आहे.

बाईंच्या मुलांसाठी शेवटी एक उदाहरण देतो. एका उपकेंद्रावर पाच अश्वशक्तीचे एक हजार पंप आहेत असे समजा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. सगळे एकदम चालले तर ३.७ मेगावॅट लागतील. दिवसाचे दोन गट करून निम्मे निम्मे चालवले तर दोन मेगावॅटच्या आत काम भागेल. मेगावॅटला पाच एकर धरले तर दहा एकर जमीन झाली. आपल्या गावाचे पंप किती, हे वीज मंडळाच्या स्थानिक कार्यालयात विचारता येते. आकडे मिळाले की मुलांना शिवाराचा नकाशा द्यावा आणि हे दहा एकर कुठे दाखवाल, असे विचारावे. उपकेंद्र जवळ हवे, सावली नको, उतार दक्षिणेकडे असेल तर उत्तम, ओढ्याच्या पुरात ती जागा येऊ नये. आणि त्या जागेवर सध्या कोणाची गुरे चरतात, तेही नकाशावर लिहायला सांगावे.